एकशे दहा टनांचा पाहुणा

१

अंबरनाथच्या एमआयडीसीत, टेकचंद शेठच्या यार्डात, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मैत्रेयी उबाळेच्या हातातलं मीटर बोलायला लागलं. ते बोलायला नको होतं.

समोर बॉयलर आडवा पडला होता. कागदोपत्री त्याचं नाव 'निष्कासित बाष्पजनित्र' असं होतं, पण शहाण्णव चाकांच्या ट्रेलरवर लोळणाऱ्या एकशे दहा टन लोखंडाला असल्या नावाने हाक मारायला कोणाची जीभ वळत नव्हती. तीस वर्षं एका अणुवीज केंद्रात वाफ काढून तो निवृत्त झाला होता आणि आता घाटाच्या पायथ्याच्या सरकारी कोठारात कायमचा राहायला निघाला होता. वाटेतला हा शेवटचा मुक्काम.

किरणोत्सारी वस्तू रस्त्याने न्यायची तर नियमांना पेटी लागते. पेटी जाड पोलादाची हवी, आणि ती नऊ मीटर उंचीवरून पाडून बघितलेली हवी. या पाहुण्याच्या मापाची पेटी जगात नव्हती, आणि त्यालाच पाडून बघायची कोणाची छाती नव्हती. मग असं ठरलं की बॉयलरचं कवच हीच त्याची पेटी. सगळी भोकं बुचं मारून वेल्डिंगने बंद करायची, वरून जाड रंग चढवायचा आणि सतरा अटींची विशेष परवानगी द्यायची. त्या सतरा अटी पाळल्या जातात की नाही, हे बघायला सरकारने मैत्रेयीला धाडलं होतं. ती राहायला उल्हासनगर कॅम्प एकला, वय एकोणतीस, आणि अटी तिला तोंडपाठ होत्या.

मीटर वाजलं ते बूच क्रमांक चारच्या खाली. बॉयलरचं पोट आणि त्याला अडकण म्हणून लावलेले लाकडी ठोकळे यांच्यामध्ये एक माणूस आडवा शिरेल एवढी लांब खोबण होती. त्या खोबणीत, ट्रेलरच्या प्लॅटफॉर्मवर, चिमूटभर पांढरी पूड सांडली होती. काल दुपारी चार वाजता याच जागेची नोंद तिने स्वतः घेतली होती. तेव्हा पूड नव्हती.

"मीटर बिघडलं असेल," मागून सुयोग म्हणाला. सुयोग वाहतूक कंपनीचा इंजिनियर. बुचांचं वेल्डिंग त्याच्या सहीने पास झालं होतं.

"बिघडलेलं मीटर गप्प बसतं," मैत्रेयी म्हणाली. "हे गप्प बसत नाहीये."

तिने मुंबईला वरिष्ठांना, श्रीपाद सरांना, फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "गळती लिहून टाक. परत पाठवू."

"सर, गळती आहे की नाही ते अजून कळलेलं नाही."

"पूड आहे, मीटर वाजतंय, वर बूच आहे. आणखी काय पत्रिका पाठवायची गळतीने? दुपारी दोन ते सहा रस्ता मोकळा मिळालाय. एक वाजेपर्यंत तुझं उत्तर हवं. नाही आलं तर मी गळती धरून चालतो. मग माल परत, आणि ताफ्यातली सगळी माणसं चौदा दिवस मालासोबत वेगळी ठेवायची. अट सोळा."

फोन स्पीकरवर होता. ट्रेलरचा मुख्य चालक हिरामण कधी मागे येऊन उभा राहिला ते कोणाला कळलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचा, बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, भातशेती करता करता ड्रायव्हर झालेला माणूस. त्याने हळूच विचारलं,

"चौदा दिवस म्हंजे आजपासून?"

"हो काका."

"आज संध्याकाळी माझ्या पोरीची हळद हाय, मॅडमबाय."

२

पत्रिका त्याने कालच दिली होती. ट्रेलरचा रस्ता त्याच्या मांडवासमोरूनच जात होता. सगळ्या ताफ्याला आमंत्रण होतं. बॉयलरला नव्हतं, कारण जेवणाच्या पानांचा अंदाज आधीच देऊन झाला होता.

मैत्रेयीने यार्डाचं फाटक लावायला सांगितलं. पाच तास होते. जोडीला हवालदार मिलिंद होता. ताफ्यासोबतचा बंदोबस्त त्याच्याकडे होता आणि या सगळ्या प्रकरणात खूश असलेला तो एकटाच माणूस होता.

"मॅडम, बाहेरचं बघितलंत?"

फाटकाबाहेर दोन फ्लेक्स लागले होते. एकावर 'अणुबॉयलरचे अंबरनाथ नगरीत सहर्ष स्वागत' आणि खाली अकरा हसरे चेहरे. दुसऱ्यावर 'अणुबॉयलर हटाव, अंबरनाथ बचाव' आणि खाली अकरा संतप्त चेहरे. त्यातले नऊ चेहरे तेच होते.

"छापणारा एकच आहे," मिलिंदने माहिती पुरवली. "म्हणाला, हसरे फोटो आधी होते, संतप्तसाठी परत काढावे लागले."

"आत कोण आलं होतं रात्री?"

"कोणी नाही. फाटकावर मी. मागची भिंत बारा फूट. आत हिरामणकाका, दुसरा ड्रायव्हर देवदत्त, सुयोगसाहेब आणि चार खलाशी. आणि टेकचंद शेठ, त्यांचं ऑफिसच आत आहे."

"काल चारनंतर बॉयलरवर कोण चढलं?"

"सहा वाजेस्तोवर मी चहाला होतो," मिलिंद म्हणाला. मग जरा विचार करून, "म्हणजे चार वाजल्यापासून."

मैत्रेयीने वहीत लिहिलं, आणि ती पुन्हा खोबणीत शिरली. या वेळी पालथी पडून, नाक प्लॅटफॉर्मपासून वीतभर अंतरावर. तोंडाला मास्क होता, तरी त्यातून एक वास आलाच. ओळखीचा, पण बऱ्याच वर्षांत न भेटलेला. आणि टॉर्च आडवा धरला तर प्लॅटफॉर्मवरच्या धुळीत गोल उमटलेले दिसत होते. वीतभर व्यासाचे, एका ओळीत. तिने मोजले. अकरा.

"थेंब पडलेत," सुयोग वरून म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "एवढे मोठे थेंब म्हणजे... बापरे."

"थेंब एका ओळीत, सारख्या अंतरावर पडत नाहीत. बूच चार उघडं पडलंय का, ते तरी बघू. शिडी द्या."

शिडी कोणी देईना. सुयोग जागचा हलला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "बुचाबद्दल मला एक सांगायचंय."

३

सांगायचं ते असं होतं. चार दिवसांपूर्वी, वाटेत, एका आंब्याच्या झाडाची फांदी बूच क्रमांक चारला घासली. वेल्डिंगवरचा रंग बोटभर उडाला. अट सहा सांगते की ओरखडा आला तर थांबायचं, कळवायचं आणि तपासणी होईपर्यंत हलायचं नाही. सुयोगने थांबवलं नाही, कळवलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच रंगाचा डबा आणला आणि ब्रश फिरवला.

"शेड तरी जुळली का?" मिलिंदने विचारलं.

"जुळली," सुयोग पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "तेवढंच एक काम नीट झालं."

"कळवलं का नाहीस?" मैत्रेयीने विचारलं.

"तुम्ही चार दिवस तिथेच बसवलं असतं. हिरामणकाका रोज विचारत होते, सुयोगदादा, हळदीला पोचू ना? मी म्हटलं, पोचवतो."

झालं. गळतीला आता भोक मिळालं होतं, कारण मिळालं होतं, आणि कबुलीही मिळाली होती. श्रीपाद सर असते तर त्यांनी दुसरा चहा मागवला असता.

मैत्रेयी शिडी लावून चढली. बुचाभोवती, वेल्डिंगवर, नव्या रंगावर, बुचाच्या खाली बॉयलरच्या पोटावर, अशा वीस ठिकाणी तिने पांढरे गोल कागद घासले आणि एकेक मीटरखाली धरला. वीसही गप्प. मग खाली उतरून पूड उचललेला कागद धरला. तो कडकड वाजला.

तिने शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून घेतलं.

"नळ गळला तर तोटी ओली असते ना?" ती म्हणाली.

"असते," मिलिंद म्हणाला.

"इथे तोटी कोरडी आहे आणि बादली भरलीये."

सुयोगने मान वर केली. गेल्या दोन तासांत पहिल्यांदा.

"म्हणजे माझ्या बुचातून नाही?"

"तुझ्या बुचातून काही आलेलं नाही. रंगाचं मात्र मी लिहिणार आहे, डब्याच्या ब्रँडसकट." ती उठली. "पूड बाहेरून आली. कोणीतरी आणली. सगळ्यांना रांगेत उभं करा, हात तपासायचेत."

रांग लागली. देवदत्तचे हात स्वच्छ. खलाशांचे स्वच्छ. सुयोगचे स्वच्छ. मिलिंदने न सांगता आपलेही पुढे केले. हिरामणचे हात पाण्याने धुतलेले, स्वच्छ. मीटर त्याच्या उजव्या अंगठ्याजवळ थांबलं, तिथे भाजल्याचा ताजा फोड होता. तरी गप्प.

मग मीटर त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलजवळून गेलं आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसं तडतडलं.

४

"टावेलनी प्लॅटफॉर्म पुसला," हिरामण म्हणाला. "घान दिसली, पुसली."

"कधी?"

"सकाळीच."

"सकाळी मी साडेसातपासून इथे आहे काका."

हिरामणने खाली पाहिलं. त्याच्या खिशातला फोन वाजला, पडद्यावर 'कौसा' असं नाव आलं. त्याने तो कापला. सकाळपासून सहाव्यांदा.

"घरचा आहे ना? घ्या की."

"नको."

"अंगठा कशाने भाजला?"

"बिडी."

"तुम्ही बिडी ओढत नाही. देवदत्त म्हणत होता."

"म्हनूनच भाजला," हिरामण म्हणाला.

टॉवेल पिशवीत बंद करून ती टेकचंद शेठच्या केबिनमध्ये गेली. शेठ सत्तरीचे. उल्हासनगरच्या सिंधी माणसाने करायचे सगळे धंदे करून झाल्यावर त्यांनी हे यार्ड घेतलं होतं, आणि आता अवजड माल मुक्कामाला ठेवून घेत होते. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच ते म्हणाले,

"बेटी, माझ्या यार्डमधून कोणी काय पण नाय दिला त्याला."

"कोणाला?"

शेठनी चष्मा काढला आणि पुसला.

"कोणाला पण. जनरल बोलतो मी."

"काल चार ते सहा तुम्ही कुठे होता?"

"इधरच. पूजा केली. चाय घेतली. हिरामणशी बात केली. वीस साल का रिश्ता आहे बेटी. माझ्या बाबांची मय्यत झाली तेव्हा हा माणूस ट्रक घेऊन आला होता, किराया नाय घेतला."

"बाबांचंही यार्डच होतं?"

"नाय नाय, बाबांचा मंडप-डेकोरेशन. कॅम्प दोनमध्ये. आधा उल्हासनगर शादी केलाय बाबांच्या मंडपात. सामान अजून गोडाऊनमध्ये पडून आहे, फेकायला दिल नाय होत." एवढं बोलून शेठ एकदम थांबले. "चाय घेणार?"

"नको. गोडाऊन बघू?"

"चाबी घरी आहे," शेठ म्हणाले. चावी त्यांच्या करगोट्याला, कफनीच्या खाली, लोंबत होती आणि पंख्याच्या वाऱ्याने खुळखुळत होती. दोघांनीही ती न ऐकल्यासारखं केलं.

साडेअकरा वाजले होते. श्रीपाद सरांचा मेसेज आला: 'परतीचा आदेश टाइप करून ठेवलाय. फक्त तारीख टाकायची आहे.'

५

पूड ओळखायचं चांगलं यंत्र मुंबईत होतं. ते मागवायला अर्ज, अर्जाला मंजुरी, आणि मंजुरीला साहेब लागत होते, ते परवा येणार होते. मैत्रेयीकडे साधं मीटर होतं. ते वाजतं किंवा वाजत नाही, कोण आलंय ते सांगत नाही. दाराच्या बेलसारखं.

ती ट्रेलरच्या सावलीत जमिनीवर बसली आणि काय काय कळलंय ते वहीत मांडायला लागली. बॉयलरच्या आत जे आहे ते तिला पक्कं माहीत होतं. कोबाल्ट. तीस वर्षांत नळ्यांना चिकटलेलं. त्याचे किरण दांडगे, पातळ कागद मध्ये धरला तर त्याची दखलही घेत नाहीत. पण काही पदार्थ असे असतात की त्यांचे बरेचसे किरण एका कागदाला अडतात.

कागद हवा होता. पण फार पातळ; जाडसर कागद कोबाल्टलाही थोडं अडवतो, म्हणून वहीचा नको. तिने फाइल उलटीपालटी केली. हिरामणची पत्रिका हाती आली. सोनेरी, पुठ्ठ्यासारखी, आणि आत, जुन्या पद्धतीने, गणपतीवर टाकलेला एक झिरझिरीत बटर पेपर.

तिने तो अलगद काढला. पूड लागलेला कागद मीटरखाली ठेवला. कडकड. मध्ये बटर पेपर सरकवला.

मीटर जवळजवळ निम्म्यावर आलं.

तिने पेपर काढला. कडकड. ठेवला. निम्मं. आठ वेळा केलं. मिलिंद शेजारी उभा राहून टेबल टेनिसची मॅच बघावी तसं बघत होता.

"मॅडम, हे चांगलं की वाईट?"

"हे बॉयलरचं नाही," मैत्रेयी म्हणाली. "बॉयलरच्या पुडीने या कागदाला विचारलं नसतं."

"मग कोणाचं?"

ती बटर पेपरकडे बघत राहिली. पांढरी पूड. हात लावला की मोडणारी. ओळखीचा वास. अकरा गोल. भाजलेला अंगठा. आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी, प्रशिक्षणाच्या वर्गात, मीटर चालू आहे का ते बघायला मास्तरांनी टेबलावर टाकलेली ती एक मळकट, पांढरी, मोज्यासारखी वस्तू. मास्तर म्हणाले होते, हे कुठल्याही जुन्या दुकानात मिळायचं, घाबरू नका, फक्त फुंकू नका.

पण ती वस्तू ज्यात बसवतात त्याचं बूड केवढं असतं ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं. ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं. तिने घरी फोन लावला.

"आजी, एक विचारायचंय. लोकांच्या वरातीत तू डोक्यावर घ्यायचीस ना, त्याचं बूड केवढं असायचं?"

सुंदराबाई पंचाऐंशीची होती. तरुणपणी दिवसभर बिगारी करून संध्याकाळी दुसऱ्यांच्या लग्नात पुढे चालत असे. तिला प्रश्नाचं नवल वाटलं नाही.

"वीतभर. घरी ये, टाळूवर अजून खळगा हाये, मापून घे."

"आणि पेटवायच्या आधी काय करायचे?"

आजीने सांगितलं. मैत्रेयीने फोन ठेवला तेव्हा साडेबारा झाले होते.

"सगळ्यांना इथे बोलवा," ती मिलिंदला म्हणाली. "आणि सुयोगला म्हणावं, हत्यारांच्या पेटीला हात लावू नको, मी येईपर्यंत."

६

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला हत्यारांची लांब पेटी होती. यादीप्रमाणे आत जॅक, साखळ्या आणि पाचरी. सकाळपासून सगळ्यांचं लक्ष बूच क्रमांक चारवर होतं, त्यामुळे पेटीकडे कोणी फिरकलं नव्हतं. सगळे पेटीभोवती उभे राहिले. शेठनी चहा सांगितला होता, पण कोणी पीत नव्हतं.

"गळती झालेली नाही," मैत्रेयी म्हणाली. "बूच स्वच्छ आहे, बॉयलरचं पोट स्वच्छ आहे, आणि पुडीचे किरण बटर पेपरला अडतात. ही पूड थोरियमची आहे. थोरियम या बॉयलरमध्ये कधीच नव्हतं. ते जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये असायचं."

"मेंटल?" सुयोग म्हणाला.

"जाळीचा मोजा असतो. नवीन मेंटल बांधलं की एकदा पेटवून त्याची राख करायची, ती राखच मग उजेड देते. तिला हात लागला की पूड. काल चारनंतर कोणीतरी या खोबणीत अकरा गॅसबत्त्या ओळीने मांडल्या. तिथे वारा लागत नाही आणि फाटकावरून दिसत नाही. अकरा गोल त्यांच्या बुडाचे. वास रॉकेलचा. मेंटलं जाळून बघितली, त्यात अंगठा भाजला. बत्त्या उचलून ठेवताना काही मेंटलं पडली, ती टॉवेलने पुसली. पण पूर्ण पुसली गेली नाहीत."

मैत्रेयी शेठकडे वळली.

"उल्हासनगरात अकरा गॅसबत्त्या एका जागी कोणाकडे असतील? जुन्या मंडपवाल्याकडे. जुन्या मेंटलच्या पाकिटांसकट." मग हिरामणकडे. "आणि आज संध्याकाळी त्या कोणाला लागणार होत्या?"

ट्रेलरवर अकरा बत्त्या मावतील अशी दुसरी जागा नव्हती. तिने मीटर पेटीच्या पूड लागलेल्या कडीला टेकवलं. ते खणखणीत वाजलं.

"मैंने रखा," टेकचंद शेठ एकदम पुढे झाले. "मी ठेवला पेटीत. हिरामणला मालूम नाय. लिहा माझं नाव."

"शेठ, पेटीची किल्ली तुमच्याकडे नाही."

"बनवून घेतली डुप्लिकेट!"

"राहू द्या शेठ," हिरामण म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. साखळ्यांवर, गोणपाटात गुंडाळलेल्या, पितळी पोटाच्या अकरा बत्त्या एकमेकींना टेकून झोपल्या होत्या. "आमचं लगीन झालं तवा वीज नव्हती गावात. कौसाची हळद बत्तीच्या उजेडात झाली. ती सहा महिनं मागं लागलीय, पोरीची बी तशीच पायजे. मी म्हटलं, रस्ता आपल्या दारातूनच जातो, पेटीत टाकतो. यात असलं काय असतं ते म्हायत नव्हतं, मॅडमबाय. पन यादीत नाय ते न्यायचं नाय, हे म्हायत होतं."

"सकाळीच सांगितलं असतंत तर?"

"सांगितलं तर लायसन जाणार. नाय सांगितलं तर हळद जाणार. दोन्ही धरून बसलो."

मैत्रेयीला अट नऊ आठवायची गरज नव्हती. यादीबाहेरची वस्तू नेणाऱ्या चालकाने त्या खेपेत पुढे गाडी चालवायची नाही, आणि धोकादायक मालाचा परवाना सहा महिने बंद. बत्त्या तिने अहवालातून गाळल्या असत्या तर पुडीचं कारण उरलं नसतं, आणि कारण नसलेली पूड म्हणजे गळती. मधली वाट असती तर ती तिने घेतली असती का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. उत्तर नाही असं आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

"मी लिहिणार आहे काका. सगळं, नावासकट."

हिरामणने पेटीचं झाकण धरून ठेवलं होतं. ते त्याने हळूच सोडलं.

"लिहा. खोटं लिहिलं तर ह्यो बॉयलर उद्या खरंच गळंल तवा कोन ऐकंल तुमचं?"

एकला चार मिनिटं असताना तिने मुंबईला उत्तर पाठवलं. पूड वेचली, बत्त्या आणि टॉवेल सरकारी पिंपात बंद झाले, प्लॅटफॉर्म चार वेळा पुसून मीटर गप्प झालं. सुयोगच्या रंगाचा वेगळा परिच्छेद झाला. बुचाची तपासणी करून तिचा निकाल जोडला. दीड वाजता सरांचा फोन आला.

"बटर पेपर? अहवालात बटर पेपर लिहिलंयस तू?"

"हो सर. सोबत जोडलाय."

पलीकडून चहाचा घोट ऐकू आला. "पुढे जाऊ दे," सर म्हणाले.

७

दोन वाजता ताफा निघाला. स्टिअरिंगवर देवदत्त बसला. तो यादीतला दुसरा चालक होता, सावध, आणि ब्रेकवर पाय ठेवूनच जन्मलेला.

फाटकातून बाहेर पडण्याआधी मिलिंदने अट चौदा वाचून दाखवली: ताफ्यापुढे एक माणूस लाल बावटा घेऊन चालेल. आजवर हे काम खलाशी आळीपाळीने करत. बावटा कोणाकडे आहे म्हणून मैत्रेयीने वळून पाहिलं, तर तो हिरामणच्या हातात होता.

"चालवू नको असं लिवलंय," तो म्हणाला. "चालू नको असं नाय ना?"

तिने परवानगी काढून अट नऊ दोनदा वाचली. तसं कुठेच म्हटलं नव्हतं.

ताशी चार किलोमीटरने एकशे दहा टन बदलापूरच्या दिशेने निघाले. पुढे हिरामण, मागे पोलिसांची जीप, मग बॉयलर, मग सुयोग, ज्याला प्रत्येक आंब्याच्या झाडाखाली उतरून वर बघायची शिक्षा मिळाली होती. हिरामण हात वर करी तेव्हा देवदत्त वेग आणखी कमी करी, बोट फिरवी तेव्हा वळे. वळणावळणावर माणसं मोबाइल घेऊन उभी. कोणीतरी विचारलं, कोणाची वरात आहे? मिलिंद म्हणाला, सरकारची.

बदलापूर मागे पडलं तसा हिरामण घड्याळ बघायला लागला. मग लांबवर डीजे ऐकू यायला लागला. रस्त्याच्या डाव्या अंगाला पिवळा मांडव, आणि मांडवाच्या तोंडाशी, पदर खोचून, कौसाबाई.

हिरामणची चाल मंदावली. बॉयलर थांबवता येणार नव्हता. मंजूर मुक्कामाखेरीज कुठेही थांबायचं नाही, अट तीन. तो एका हातात बावटा धरून स्वतःच्या मुलीच्या हळदीसमोरून पुढे चालत जाणार होता आणि त्याला ते आता, शंभर पावलांवर, कळलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. बावटा तेवढा जरा उंच केला.

"फोन का उचलत नाय?" कौसाबाई रस्त्यावरूनच ओरडली. "आन् बत्त्या?"

"सरकारनं ठेवल्या!"

"सरकारला कशाला लागतात बत्त्या?"

"मागनं सांगतो!"

"मागनं म्हंजे कवा? पोर पाटावर बसलीय!"

मैत्रेयी जीपमधून उतरली. धावत पुढे गेली, हिरामणच्या बरोबरीला आली आणि पाऊल जुळवून चालायला लागली. चालता चालता तिने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"तुमी? तुमी तर तपासनीस."

"एक माणूस, असं लिहिलंय. मी एक माणूस आहे. थांबू नका, चालत चालत द्या."

त्याने चालत चालत दिला. मग तो रस्त्याच्या कडेला झाला, मांडवाकडे वळला, आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावला. डीजेवाल्याने त्याला बघून आवाज वाढवला. कुठली तरी आत्या हळदीची वाटी घेऊन रस्त्यावर आली, तिने मैत्रेयीच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि बॉयलरकडे मोर्चा वळवला. मिलिंदने तिला वेळेवर अडवलं.

मैत्रेयीने उजव्या हातात बावटा सरळ धरला. डाव्या हाताने वही काढली, मांडीवर टेकवायला मांडी थांबत नव्हती म्हणून हवेतच धरली आणि वेड्यावाकड्या अक्षरात नोंद केली:

'१७.१२ वा. बावटाधारक बदलला. ताफा थांबला नाही.'